एकावर एक रेघा

वसतिगृहाची फाइल उघडली की मशीन बंद पडायचं. लगेच नाही. आधी पडद्यावर नरडाण्याजवळची ती जमीन यायची, तिच्या उताराच्या वळणदार रेषा यायच्या, मग मुख्य इमारत, मग कार्यशाळा, आणि शेवटी वसतिगृहाच्या भिंती तळापासून वर उमटायला लागायच्या. तळमजला होईपर्यंत भाऊ आणि मी पडद्याकडे बघत बसायचो. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपाशी वाळूचं घड्याळ तसंच थांबायचं, माऊस हलेनासा व्हायचा आणि मग सगळा पडदा निळा. मशीन बंद करायचं, चालू करायचं, की पुन्हा पहिल्यापासून.

नव्वदचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. जळगावात एका औषधांच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. भाऊ म्हणजे आमचे मालक. सरकारी नोकरीत जमिनी मोजण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मोजणीची साखळी ओढत शेतं तुडवून पाय थकले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि दोन कॉम्प्युटर घेऊन नकाशांचं काम सुरू केलं. मी असोद्याहून रोज सकाळच्या बसनं यायचे. धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, आणि घरी केळीच्या बागेत मन लागत नाही म्हणून वडलांनी नाइलाजानं होकार दिलेला. गावात मला कोणी काय काम करतेस विचारलं तर सांगणं अवघड जायचं. ‘कॉम्प्युटरवर नकाशे काढते’ म्हटलं की लोक म्हणायचे, नकाशे तर छापून मिळतात.

तेव्हा आमच्याकडे आलेलं काम एका शिक्षण संस्थेचं होतं. नरडाण्याच्या बाजूला त्यांची मोठी जागा. पाण्याची ओरड कायमची. संस्थेच्या कोणाच्या तरी मनात आलं, की एवढी छतं आहेत, त्यांच्यावरचं पावसाचं पाणी एका ठिकाणी आणून तळं करता येईल का. ते कुठं करायचं आणि केवढं करायचं, हे आम्ही सांगायचं होतं. त्यासाठी भाऊंनी नकाशाचं एक नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्यात जमीन जशी चढउताराची आहे तशी दिसायची, तिच्यावर इमारती उभ्या करता यायच्या, आणि कोणत्या छताचं पाणी कुठून वाहत कुठं जाईल हे ते काढून द्यायचं. भाऊ त्या सॉफ्टवेअरकडे नवी सून घरात आल्यासारखे बघायचे. कौतुकानं, आणि जरा बिचकून.

जमीन भाऊंनी मोजली. इमारतींची कामं धुळ्याच्या नानांकडे दिली होती.

नाना माझे शिक्षक. कॉलेजात नव्हे. डिप्लोमा करत असताना ज्यांची रेघ वाकडी, अशी आम्ही पोरं संध्याकाळी त्यांच्या घरी जायचो. ते पेशानं ड्राफ्ट्समन, एका इंजिनियरच्या हाताखाली वर्षानुवर्षं ट्रेसिंग केलेले. पेन कागदावर टेकवायच्या आधी ते क्षणभर थांबायचे, आणि मग रेघ अशी ओढायचे की सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटी. ‘रेघ एकदाच ओढायची,’ म्हणायचे. ‘परत फिरवलीस की ती दोन होते.’ कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्या वयाच्या लोकांनी बोर्ड गुंडाळून ठेवले. नानांनी मात्र शिकून घेतलं, घरातच मशीन घेतलं, आणि भाऊंच्या ऑफिसला माझं नावही त्यांनीच सुचवलं होतं.

नानांकडून फायली फ्लॉपीवर यायच्या. एक फाइल एका फ्लॉपीत मावत नसे. ते तिचे तुकडे करून एका पिशवीत घालायचे आणि धुळे-जळगाव गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायचे. मी स्टँडवर जाऊन घ्यायचे. मुख्य इमारत आली ती दोन फ्लॉपीत. कार्यशाळा आली ती जरा जास्त. वसतिगृह आलं तेव्हा पिशवी फुगलेली होती. मला वाटलं, तीन मजली आहे, खोल्या पुष्कळ, असेल.

पहिला संशय आम्ही उन्हावर घेतला. मे महिना होता. जळगावचा मे ज्यानं काढलाय त्याला तो संशय चुकीचा वाटणार नाही. भाऊंनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावला. मशीन बंद पडलं. मग फ्लॉप्या एसटीच्या खिडकीत तापल्या असतील म्हणून नानांना फोन करून दुसरा संच मागवला, तो ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात आला. तरी तेच. मग लाइट कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर बदलला. मग व्हायरस. सॉफ्टवेअर जिथून घेतलं होतं त्या पुण्याच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, मेमरी वाढवा. भाऊंनी एका ओळखीच्याकडून मेमरीची पट्टी आणवली. ती बसवल्यावर पहिल्या मजल्याच्या खिडक्या पार झाल्या आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपाशी मशीन बंद पडलं.

‘एक मजला चढलो,’ भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, ‘भाऊ, ऊन असतं तर कधी इथं पडलं असतं, कधी तिथं. हे दर वेळी खिडक्यांपाशीच पडतं.’

‘मग खिडक्यांत बघ.’

दुसऱ्या दिवसापासून मी फाइलचे तुकडे करायला लागले. अर्धं वसतिगृह पुसायचं, उरलेलं नकाशावर ठेवायचं, चाललं तर खोट दुसऱ्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. आमच्याकडे केळीच्या घडात एक सडकं केळ शोधायचं असलं तर फणी-फणी वेगळी करतात, तसं. गंमत अशी की कोणताही तुकडा एकटा ठेवला की चालायचा. सगळे मिळून ठेवले की बंद. म्हणजे सडकं केळ एक नव्हतं. सगळा घडच जड होता.

भाऊ कंटाळले. ‘खिडक्या उडव,’ म्हणाले. ‘पाण्याला खिडकी कशाला लागते?’

त्यांचं बरोबर होतं. मी सगळ्या खिडक्या काढून टाकल्या, नुसत्या भिंती आणि छत ठेवलं, आणि वसतिगृह नकाशावर चढलं. दोघांनाही इतका आनंद झाला की भाऊंनी खालून आइस्क्रीम मागवलं. ते खाता खाता त्यांनी पाण्याचा हिशोब काढायची आज्ञा दिली. मशीन बराच वेळ विचार करत राहिलं, पण बंद पडलं नाही. आकडे आले. मुख्य इमारतीच्या छताचं पाणी भाऊंनी हातानं काढलेल्या हिशोबाशी जुळलं. कार्यशाळेचं थोडं जास्त आलं. वसतिगृहाच्या छताचं पाणी बघून भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

‘इतकं पाणी आपल्या आभाळातच नाही,’ ते म्हणाले.

मी वसतिगृहाचं छत उघडलं. एक चौकोन. त्याची एक बाजू माऊसनं धरली आणि पुसली. ती जागच्या जागी होती. मला वाटलं पुसली गेली नाही. पुन्हा पुसली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा लक्षात आलं, की मी दर वेळी वेगळी रेघ पुसत होते. एकाच्या खाली दुसरी होती, दुसरीच्या खाली तिसरी. पडद्यावर एकच दिसायची. छतावर छत, त्यावर छत. सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक छताचं पाणी मोजत होतं.

मग पुसलेली खिडकी परत आणून बघितली. तिच्यात तेच. चौकट एकावर एक काढलेली, गज एकावर एक. काही रेघा तंतोतंत एकमेकींवर, काही केसभर सरकलेल्या. आणि ती एक खिडकी उचलून नानांनी सगळ्या खोल्यांना लावली होती, जसं कोणीही करेल. एका खिडकीतलं ओझं सगळ्या इमारतीत गेलं होतं. मशीन का बसकण मारत होतं ते समजलं.

भाऊंना दाखवलं तर त्यांचा आवाज चढला. ‘हे काय काम झालं? नानांच्या हातचं काम आहे का हे? कोणा शिकाऊ पोराला बसवलं असणार. नाहीतर लक्ष उडालंय त्यांचं.’

मला ते पटत नव्हतं. मी मुख्य इमारत उघडली. नानांनी ती सगळ्यात आधी काढली होती. तिच्यात एकही रेघ दुहेरी नव्हती. स्वच्छ, त्यांच्या ट्रेसिंगसारखी. त्यानंतरच्या कार्यशाळेत मधूनमधून एखादी रेघ दोनदा होती. आणि वसतिगृहात, जसजसं वर जावं तसतसं वाढत गेलेलं. लक्ष उडालेला माणूस रेघ विसरतो, खिडकी विसरतो. इथं काहीच विसरलेलं नव्हतं. पायरीचा दगडसुद्धा मोजून होता. फक्त प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा केलेली होती, जणू पहिल्यांदा झाली यावर करणाऱ्याचा विश्वासच बसत नव्हता.

मला कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण शंका आली. मी भाऊंना म्हटलं, ‘फोनवर नका बोलू. केसभर सरकलेल्या रेघांतली खरी कोणती ते विचारायला असंही जावं लागणार. मीच जाते.’

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. ‘जा. संस्थेच्या भोजनगृहाचं काम अजून त्यांच्याकडेच आहे, ते थांबवायला सांग.’

सकाळच्या गाडीनं निघाले. एरंडोल, पारोळा, रस्त्याच्या कडेला कापसासाठी नांगरून ठेवलेली काळी रानं. धुळ्याला उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. नानांचं घर मला पाठ होतं. दारात अक्का भेटल्या, नानांच्या पत्नी. आम्ही पोरं शिकायला जायचो तेव्हा त्या प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवायच्या.

‘येय माय, बस,’ त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. ‘उन्हमा उनी तू.’

बाहेरच्या खोलीत मशीन होतं, त्याच्यावर फुलाफुलांची चादर. नाना खुर्चीत बसले होते. वाळले होते. चेहरा पूर्वी हसरा, बोलका. आता त्यावर काही उमटत नव्हतं. मला बघून त्यांना बरं वाटलंय हे त्यांच्या आवाजावरून समजलं, तोंडावरून नाही. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली मांडीवर दाबून धरला होता.

‘वसतिगृह चढलं का नकाशावर?’ त्यांनी विचारलं.

‘चढलं नाना. जरा त्रास देतंय.’

‘हा माऊस खराब आहे,’ ते म्हणाले. ‘तिसरा आणलाय. क्लिक लागतच नाही बघ. दाबलं तरी लागलं की नाही कळत नाही. धुळ्यात चांगले मिळत नाहीत.’

अक्का चहा घेऊन आल्या. मला कपबशीत दिला. नानांना उंच स्टीलच्या पेल्यात, अर्ध्यापेक्षा कमी. तो अक्कांनी नानांच्या डाव्या बाजूला ताटलीवर ठेवला आणि त्या आत गेल्या. नानांनी पेला लगेच उचलला नाही. मी बोलत होते तोवर तो तसाच होता. मी खिडकीबाहेर बघितलं तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून एका घोटात संपवला. पेला परत ठेवताना ताटलीवर तो खणखणला, आणि खणखणतच राहिला, त्यांनी हात काढून घेईपर्यंत.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. अक्का पाठमोऱ्या होत्या.

‘अक्का, नानांचा हात...’

त्यांनी गॅस बारीक केला. ‘हात कापस माय. सालभर व्हई गयं, आते वाढी गयं. माले म्हणतस, माऊस खराब शे.’ आवाज अगदी खाली. ‘शर्टनी गुंडी मी लावस. दाढी मी करस. मी बठ्ठं देखस, पन बोलस नहीं. डागदरकडे जावानं म्हनं की जेवतस नहीं. तू कोनले सांगजो नको. काम गयं तर ते खाटवरथीन उठाव नहीत.’

काम गेलं तर नाना खाटेवरून उठणार नाहीत, या भीतीनं त्या वर्षभर सगळं बघून गप्प होत्या. बाहेर आले तर नाना उठून मशीनसमोर बसले होते. चादर काढलेली. आतलं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही मला आजही सांगता येणार नाही. ते दोन खोल्यांचं घर होतं.

‘त्रास काय देतंय ते दाखव,’ ते म्हणाले.

दाखवायचं की नाही, याचा विचार मी गाडीत तीन गावं केला होता. गोड बोलून, फ्लॉपी खराब होती असं सांगून परत येता आलं असतं. पण हेच नाना आमच्या वाकड्या रेघेवर बोट ठेवून ‘ही बघ’ म्हणायचे, आणि कधी लाजवायचे नाहीत. मी त्यांच्याशी खोटं बोलले असते तर तो त्यांचा अपमान झाला असता. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि वसतिगृहाच्या खिडकीतली एक रेघ पुसली. तिच्याखालची दिसली. ती पुसली. तिच्याखालची.

नाना बघत राहिले. मी चौथी पुसायला गेले तर म्हणाले, ‘राहू दे. समजलं.’

वर पंखा फिरत होता. मग त्यांनी स्वतः माऊसवर हात ठेवला, झाकलेला उजवा हात, माझ्यासमोर. पडद्यावरचा बाण खिडकीपाशी गेला आणि मधमाशीसारखा तिच्याभोवती घुटमळला. त्यांनी दाबलं. बोट थरथरल्यामुळं ते तीनदा लागलं.

‘मला वाटायचं, लागलंच नाही,’ नाना म्हणाले. ‘म्हणून पुन्हा दाबायचो. मग वाटायचं आता तरी लागलं का. वसतिगृह संपवलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, हात थरथरतो पण कामात दिसत नाही.’

‘दिसत नाहीच नाना. मशीन बंद पडलं म्हणून सापडलं.’

‘तुला कधी कळलं?’

‘तुमची मुख्य इमारत बघितल्यावर. तिच्यात एकही रेघ दुहेरी नाही.’

यावर त्यांचे डोळे भरून आले. चेहरा तसाच होता, काही न हललेला, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. अक्का दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या नाहीत, आत गेल्या नाहीत.

थोड्या वेळानं नाना म्हणाले, ‘भाऊंना सांग, भोजनगृह दुसऱ्या कोणाला द्या. अर्धं झालंय. झालेलंही फेकून द्यावं लागेल.’

मला तेव्हा काही सुचलं ते त्यांना धीर द्यायला नव्हे. मला खरंच प्रश्न पडला होता. मी विचारलं, ‘नाना, तुम्ही माप पडद्यावर बघून रेघ ओढता, की तुम्हाला आधीच माहीत असतं?’

‘माहीत असतं. हातात प्लॅन असतो. इथून एवढं पूर्वेला, तिथून एवढं उत्तरेला.’

‘मग माऊस कशाला? आकडेच टाइप करा ना.’

ती सोय, नाना ज्यात इमारती काढायचे त्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती. कुठून निघायचं आणि कुठं पोचायचं याचे आकडे टाइप केले की रेघ आपली आपण पडायची. आम्ही कोणी वापरत नसू, माऊस हाताशी असताना कोण आकडे बडवत बसणार. नानांनी डाव्या हाताच्या एका बोटानं पहिला आकडा दाबला. शून्य. पडद्यावर शून्यांची माळ लागली, कारण बोट वेळेत उचललं गेलं नाही. त्यांनी हात मागे घेतला. मी सेटिंगमध्ये जाऊन कळ दाबून राहिली तरी अक्षर पुन्हा उमटू नये असं केलं. मनगटाखाली अक्कांनी उशीचा अभ्रा घडी करून दिला. पुन्हा शून्य. एकच शून्य आलं.

दुपारभर आम्ही भोजनगृहाची एक भिंत काढली. सावकाश झालं. मधे अक्कांनी ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, नानांसाठी भाकरी दुधात कुस्करून. आज ते माझ्यासमोर चमच्यानं जेवले, आणि थोडं सांडलं ते अक्कांनी पदरानं टिपलं. जेवण झाल्यावर मी ती भिंत पुसून बघितली. खाली दुसरी नव्हती.

निघताना मी म्हटलं, ‘भाऊंना काय सांगू?’

‘काही सांगू नको. मी सांगतो,’ नाना म्हणाले. मग अक्कांकडे बघून त्यांच्या बोलीत म्हणाले, ‘चप्पल घाल. बूथवर जाऊत.’

घरच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे, म्हणून तिघं मिळून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. आत नाना आणि अक्का, मी बाहेर. रिसीव्हर अक्कांनी त्यांच्या कानाशी धरला होता. काचेतून नानांचे ओठ हलताना दिसत होते. फार वेळ बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर भाऊ नेहमीपेक्षा लवकर आलेले. मी बसले, मशीन चालू केलं. भाऊ म्हणाले, ‘माझ्या वडलांना होतं हे. कंपवात. शेवटी शेवटी ओंजळ धरता यायची नाही त्यांना.’ मग बराच वेळ फायली चाळत राहिले. ‘मी परवा बोललो ते नानांच्या कानावर नाही ना गेलं?’

‘नाही भाऊ.’

‘भोजनगृह त्यांच्याकडेच राहू दे. संस्थेला मी सांगतो, उशीर होईल म्हणून. आणि वसतिगृह तू साफ कर. कोणती रेघ खरी ते त्यांना विचार. मनानं ठरवू नको.’

मी ते साफ केलं. किती दिवस लागले आठवत नाही, पण आंब्याचा रस सुरू होता तेव्हा बसले आणि उठले तेव्हा पेरण्या झाल्या होत्या. एक खिडकी नीट केली आणि ती सगळ्या मजल्यांवर पुन्हा बसवली. छतांवरची छतं काढली. अडलं की नानांना फोन करायचा. ते प्लॅन बघून सांगायचे, ‘बाहेरची खरी,’ किंवा ‘दोन्ही खोट्या, मी सांगतो ते आकडे घे.’ हळूहळू त्यांच्या आवाजात जुना मास्तर परत यायला लागला. एकदा मला म्हणाले, ‘जिना डाव्या हाताला वळतो. तू उजवीकडे नेलास. कसली साफसफाई करतेस?’ मी फोन ठेवून हसत बसले.

सगळं झाल्यावर संस्थेची माणसं ऑफिसात आली. वसतिगृह खिडक्यांसकट नकाशावर उभं राहिलं आणि मशीन हललं नाही. पाण्याचा आकडा पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली आला होता. त्यांना मोठं तळं हवं होतं, ते जरा हिरमुसले. भाऊ म्हणाले, ‘आता मोठं खणलंत तर मे महिन्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतील.’ त्यांनी लहान खणलं. पहिल्या वर्षी पाऊसच कमी झाला, अर्धंही भरलं नाही. पुढच्या वर्षी भरलं आणि संस्थेनं आम्हाला बोलावलं. नाना आले नाहीत, प्रवास झेपत नव्हता. मी काठावर उभं राहून फोटो काढला आणि त्यांना पाठवला.

फोनच्या त्या दिवसानंतर अक्कांनी त्यांना डॉक्टरकडे नेलंच. गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की दोन-तीन तास हात बरा राहायचा. नाना त्याला ‘लाइट आली’ म्हणायचे आणि त्या वेळात काम करायचे. भोजनगृह पुरं केलं, नंतर एका शाळेचं आवार, एक दवाखाना. दवाखान्याच्या वेळी बोटं फारच आखडली. तेव्हा एकदा मी गेले तर बघते काय, मशीनसमोर अक्का. चष्मा लावलेला, पदर खोचलेला. नाना मागं खाटेवर पडून आकडे सांगत होते आणि अक्का एकेक आकडा शोधून दाबत होत्या.

‘आकडा माले येतस,’ त्या मला म्हणाल्या, जरा ओशाळून. ‘अक्षर येतस नहीं इंग्रजीना. जे लागतस ते त्यासनी मांडी दिधात,’ आणि त्यांनी कळांवर चिकटवलेल्या रंगीत टिकल्या दाखवल्या. त्यांच्या कपाळावर लावायच्या टिकल्या. लाल म्हणजे रेघ, हिरवी म्हणजे पूस.

‘हिरवी जास्त वापरते,’ नाना खाटेवरून म्हणाले.

‘तुमी चुकाडतस,’ अक्का म्हणाल्या.

दोघांचं हे चालूच राहिलं. मी चहा स्वतःच करून घेतला.

नंतर माझं लग्न झालं, मी धरणगावला आले आणि भाऊंचं ऑफिस सुटलं. नानांची खबर मधूनमधून यायची. मूल झाल्यावर एकदा त्याला घेऊन काही कामानं धुळ्याला गेले, तर परतताना ते दोघं स्टँडवर भेटले. दवाखान्यातून येत होते. नाना काठी घेऊन, बारीक बारीक पावलं टाकत, अक्का त्यांच्या कोपराला धरून. मुलाला बघून नानांनी हात पुढं केला. तो हलत होता, आणि मुलाला तो खेळ वाटला. त्यानं त्यांचं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं.

तेवढ्यात नानांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांनी विचारलं, ‘काय नाना, कामबिम अजून चालू आहे का?’

‘माझं थांबलं,’ नाना म्हणाले, आणि अक्कांकडे मान वळवली. ‘या आमच्याकडच्या ड्राफ्ट्समन. यांना विचारा.’

अक्का इतक्या लाजल्या की त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग पदर खाली करून त्या गृहस्थांना म्हणाल्या, लहान काम असलं तर सांगा, मोठं जमत नाही. त्यांच्याशी त्या शुद्ध भाषेत बोलल्या, ऑफिसात बोलतात तशा. माझी गाडी लागली होती. नानांनी मुलाच्या मुठीतून बोट सोडवून घेतलं नाही. मलाच ते हळूच सोडवावं लागलं.